एकावर पाच शून्यं

नांदेडहून निघालेलं जुनं विमान, एकसष्ट माणसं.
घाटकोपरच्या उतारावरच्या खिडक्या पोटाखालून सरकत होत्या
आणि चाकं खाली टाकल्यावर
तीन हिरव्या दिव्यांपैकी दोनच लागले.
नाकाखालचं चाक काही बोलेना.

कॅप्टन भरुचा म्हणाले, "चला, परत वर."
उजळलेली धावपट्टी समोर आली तशीच मागे गेली,
मग जुहूचा काठ,
मग काहीच नाही.
रात्रीचा समुद्र वरून पाहिलायत कधी?
त्याला वर-खाली नसतं.

तीन हजार फुटांवर आम्ही गोल फिरू लागलो.
यंत्राला सांगितलं, धर ही उंची.
त्याने धरली,
आणि आम्ही मोकळे झालो
बोराएवढ्या दिव्याकडे बघायला.

चाक खरंच अडकलंय, की नुसता बल्ब गेलाय?
भरुचांनी टोपण फिरवलं. फिरेना.
मी नखाने. फिरेना.
त्यांनी रुमाल काढला.
लविना तुस्कानो विचारायला आली, लोकांना काय सांगू,
आणि उत्तर न घेताच टॉर्च धरून उभी राहिली.
"जरा डावीकडे... हं, तिथेच."
तिघांची डोकी जवळजवळ टेकली,
मुठीतला काजवा दाखवताना पोरांची टेकतात तशी.

शाळेत पाठ होतं : लक्ष म्हणजे एकावर पाच शून्यं.
त्या रात्री आमचं सगळं लक्ष
एकावर होतं.
उंचीकडे शून्य, वेगाकडे शून्य,
दिशेकडे, इंधनाकडे,
आणि पाचवं खाली पसरलेलं,
काळं, ओलं.

कधीतरी भरुचांचं कोपर लागलं असणार.
यंत्राने हात सोडला.
एक घंटी वाजली.
टेपमध्ये आहे ती, नंतर ऐकवली आम्हांला, तीनदा,
तिन्ही वेळा स्वच्छ.
तिच्यावरच माझा आवाज आहे :
"छोटी पक्कड असती तर."

आई मला ओट्याशी उभी करायची, दुधाकडे बघ म्हणायची.
दूध टपलेलं असायचं,
मी मान वळवायची खोटी.
विमान टपलेलं नसतं.
ते नुसतं उतरतं,
इतकं हळू की कपातला चहाही कलत नाही.

"तुमची उंची सांगा."
मला वाटलं, टॉवरवाला दुसऱ्या कुणाला विचारतोय.
"तुमची उंची?"
तोच आवाज, जराही न चढवलेला,
दार उघडं राहिलंय का, असं शेजाऱ्याने विचारावं तसा.

मी वर पाहिलं.
आठशे. सातशे ऐंशी.
आणि काचेपलीकडे, इतका वेळ कोपऱ्यातून
मी ज्यांना चांदण्या समजत होते,
त्या वेसाव्याच्या होड्या होत्या.
एकीला दोन दिवे होते, तेही दिसलं.

मी ओढलं. भरुचांनी ओढलं.
लविना पडली.
टॉर्च घरंगळत मागे गेला, उजेड फिरवत.

चाक पहिल्यापासून खालीच होतं.
एकसष्ट जणांनी नेहमीसारख्या बॅगा काढल्या,
एकजण उशिराबद्दल लविनाशी भांडला
आणि ती हसली, सुजलेल्या मनगटासकट.
हँगरमधल्या पोराने अर्ध्या मिनिटात बल्ब काढला,
कानाशी हलवून म्हणाला, "तार गेलीय."
मग तो चौकशीच्या पाकिटात गेला, शिक्क्यासह.

भरुचांचा त्यानंतर एकदाच फोन आला,
दादरच्या घरून, शिडीवरून.
"करंदे, बल्ब बदलतोय."
"शिडी कुणी धरलीय?"
बराच वेळ काही नाही.
मग एकेक पायरी उतरल्याचा आवाज.

त्या टॉवरवाल्याचं नाव मी कुणाला विचारलं नाही.
तो मरोळलाच राहत असेल, किंवा पार पनवेलला.
भाजीच्या गाडीशी कधी मागून कुणीतरी म्हणतं,
"किती?"
कोथिंबिरीबद्दलच असतं ते.
मी मान वर करते,
आणि आकडा सांगायला
तोंड उघडलेलं असतं.